जुने इंजिन, भंगारातला कॉम्प्रेसर: एका जोडणीचा इतिहास

भिंगार हे नाव मराठी वाचकास इतिहासात बहुधा दोनदाच भेटते. १४९० साली अहमद निजामशहाने बहमनी सेनापती जहांगीरखानाचा येथे पराभव केला आणि त्या विजयाच्या जागेजवळ पुढे अहमदनगर वसले. आणि १७०७ साली औरंगजेबाने येथल्या छावणीत अखेरचा श्वास घेतला. यानंतर भिंगार ग्रंथांतून जवळजवळ नाहीसे होते. नगरच्या पूर्वेस, लष्करी छावणीला लागून असलेले एक गाव, एवढीच त्याची ओळख उरते. शहराचे व जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. भिंगारचे नाव मात्र निजामशाहीच्याही आधीपासून आहे तेच आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या दोन्ही घटनांच्या मानाने फारच क्षुल्लक वाटेल. जुन्या डिझेल इंजिनाला भंगारातून आणलेला हवेचा कॉम्प्रेसर जोडण्याची जी पद्धत भिंगारसारख्या गावांच्या पंचक्रोशीत रूढ झाली, तिच्याविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी असल्या विषयात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, यंत्रांचा जो इतिहास मराठीत लिहिला गेला तो मुख्यत्वे यंत्र काढणाऱ्यांचा आहे, यंत्र जोडणाऱ्यांचा नाही. आणि हे अंतर कसे पडले हे पाहणे हे वाङ्मयाच्या अभ्यासकाचेच काम आहे. (‘भिंगार’ आणि ‘भंगार’ या शब्दांच्या ध्वनिसाम्यावर आम्ही काहीही उभारू इच्छीत नाही, तो मोह आवरला, एवढे नमूद करून ठेवतो.)

आरंभ भिंगारपासून दूर, जर्मनीत करावा लागेल. रुडॉल्फ डिझेल हा इंजिनाचा संशोधक म्हणून प्रसिद्ध असला तरी त्याची उमेदीची वर्षे गेली ती बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांच्या सहवासात. कार्ल फॉन लिंडे हे म्युनिकमधील त्याचे अध्यापक. त्यांच्याच शीतकरणाच्या कंपनीत तो प्रथम पॅरिस येथे व नंतर बर्लिन येथे काम करीत होता. शीतकरणाचे यंत्र म्हणजे वायू दाबणे आणि सोडणे. वायू दाबला की तापतो, हे त्याच्या रोजच्या हाताखालचे ज्ञान होते. हवा पुरेशी दाबली तर तिच्या उष्णतेनेच इंधन पेटेल, ठिणगीची गरज नाही, ही त्याची कल्पना या अनुभवाच्या फार जवळची आहे. १८९२ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३च्या ऑगस्टमध्ये ऑग्सबर्ग येथे पहिले यंत्र चाचणीस लावले आणि १८९७च्या फेब्रुवारीत प्राध्यापक श्रोटर यांनी घेतलेल्या चाचणीत त्याच्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर करून दाखविले. वाफेच्या इंजिनांना हा आकडा स्वप्नवत होता.

मात्र या यशाला एक किंमत होती. तीस-पस्तीस वातावरणांच्या दाबाने कोंडलेल्या हवेत तेलाचे बारीक तुषार सोडायचे कसे, हे सुरुवातीस जमेना. अखेर तेल आत ढकलण्यासाठी त्याहूनही अधिक दाबाची हवा वापरावी लागली: साठ-सत्तर वातावरणांची. ही हवा पुरविण्यासाठी इंजिनाच्या अंगालाच दोन-तीन टप्प्यांचा कॉम्प्रेसर जोडलेला असे. तो जड असे, महाग असे, इंजिनाच्या शक्तीचा डोळ्यांत भरण्याजोगा वाटा खाऊन टाकी, आणि बिघडे तेव्हा बहुधा तोच आधी बिघडे. १९१२ साली कोपनहेगनहून निघालेल्या ‘सेलांडिया’ जहाजावरची इंजिने याच जातीची होती. म्हणजे डिझेल इंजिन आणि कॉम्प्रेसर हे जन्मतः जुळे होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

पुढची पंचवीस-तीस वर्षे या जुळ्यांना वेगळे करण्यात गेली. तेल केवळ पंपाच्या जोराने बारीक छिद्रातून फवारता येईल काय, याचे प्रयत्न अनेकांनी केले. जर्मनीत लोरांज यांनी ज्वलनापूर्वीचा लहानसा कप्पा योजला, इंग्लंडात विकर्स कंपनीत मॅकेक्नी यांनी पंपाचा दाब वाढविला, आणि १९२७ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून तेलपंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले तेव्हा प्रश्न सुटल्यातच जमा झाला. त्या काळातील जर्मन कंपन्या आपल्या मालाची जाहिरात ‘कॉम्प्रेसरविरहित डिझेल’ अशी करीत, ही गोष्ट आम्हांस विशेष बोलकी वाटते. एखाद्या वस्तूचे वर्णन तिच्यात काय नाही यावरून व्हावे, इतका तो कॉम्प्रेसर लोकांना नकोसा झाला होता. तो गेला म्हणूनच डिझेल इंजिन लहान झाले, ट्रकमध्ये बसले आणि शेताच्या बांधावर आले. इंग्लंडातील डर्स्ली येथे लिस्टर कंपनीने १९३०च्या सुमारास काढलेले, मोठ्या चाकांचे, मिनिटाला सहा-साडेसहाशे फेरे घेणारे सावकाश इंजिन हे या मुक्ततेचे फळ. त्याच्या प्रतिकृती पुढे राजकोटला इतक्या निघाल्या की ‘लिस्टर’ हे मूळ कंपनीचे नाव आहे याचा विसर पडून ते इंजिनाच्या एका जातीचेच नाव झाले.

महाराष्ट्रातील हकीकत याच सुमारास सुरू होते. सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यात १९३०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशी डिझेल इंजिन तयार झाले; हे धनजीशा कूपर म्हणजे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले तेच. १९४६ साली खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि १९५८ साली त्याच घराण्याने पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक काढून हवेचे कॉम्प्रेसर बनविण्यास आरंभ केला. जर्मनीत ज्यांची फारकत झाली होती ते दोघे येथे एकाच घरात, परंतु वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी जन्मास आले. इंजिन शेतकऱ्यासाठी, कॉम्प्रेसर कारखान्यांसाठी, खाणींसाठी, रस्ते बांधणाऱ्यांसाठी.

याच ठिकाणी वाङ्मयाचा संबंध येतो. किर्लोस्करवाडीच्या नांगराच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघाले आणि त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ यांची त्यात भर पडली. मराठी मध्यमवर्गाची अभिरुची घडविणारी ही तीन मासिके लोखंड ओतणाऱ्या भट्टीच्या शेजारी जन्मली, हे आपण वर्गात सांगतो खरे. पण त्यातून निष्पन्न होणारा पुढचा प्रश्न सहसा विचारीत नाही. ज्या भाषेला यंत्राच्या कारखान्याने इतके दिले, त्या भाषेत यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचे ज्ञान किती उतरले? शं. वा. किर्लोस्करांनी लिहिलेले लक्ष्मणरावांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ हे मराठीतील या विषयावरचे मोलाचे पुस्तक आहे, आणि लक्ष्मणराव हे खरोखरीचे यांत्रिक होते यात शंका नाही. तरीही ती यात्रा कारखाना उभारण्याची आहे. कारखान्यातून बाहेर पडलेले यंत्र तीस वर्षांनी ज्याच्या हाती लागले, त्याने त्याचे काय केले, हे सांगणारी लेखणी निघाली नाही. आम्ही हा दोष त्या पुस्तकाचा मानीत नाही. तो आपल्या सर्वांचा आहे.

आता भिंगारकडे वळू. येथला प्रश्न पाण्याचा आहे आणि तो जुना आहे. निजामशाहीतील नगरला कापूरवाडी, शेंडी येथून खापरी नळांनी पाणी आणलेले होते. भिंगारजवळचा फराहबाग महाल त्या पाण्यातच उभा होता. ते पाणी उताराने येई, त्याला यंत्र लागत नसे. गावोगावच्या शेतीला मात्र विहिरीचाच आधार होता, आणि विहीर म्हणजे काळ्या फत्तराशी झुंज. दख्खनच्या या खडकात पाणी असते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत. त्यामुळे एका विहिरीस लागते व शेजारच्या विहिरीस लागत नाही. घण, पहार, छिन्नी आणि सुरुंगाची दारू घेऊन वडार समाजातील कारागिरांनी या जिल्ह्यातील किती विहिरी खोदल्या याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. येथे एक तुलना सहज सुचते. आल्प्समधील माँ सेनीचा बोगदा खोदताना सोमेये यांनी १८६१पासून दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे वापरली. त्याच वर्षांत आपल्या बोरघाटातील पंचवीस बोगदे हजारो मजूर हाताने भोके पाडून आणि दारू ठासून खोदीत होते, व तो मार्ग १८६३ साली खुला झाला. दाबलेली हवा घाटाखाली पोचायला पुढे बराच काळ लागला आणि विहिरीपर्यंत पोचायला त्याहून अधिक. ती आली ती ट्रॅक्टरवर बसविलेल्या कॉम्प्रेसरच्या रूपाने. उन्हाळ्यात शिवारात तो ट्रॅक्टर उभा राहिला की त्याच्या आवाजावरून कोणाच्या विहिरीचे काम निघाले आहे हे गावाला कळे.

विहीर खोल झाली, तसे इंजिनावर संकट आले. हे संकट मुळात वातावरणाच्या दाबाचे आहे. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. वस्तुतः तो नळीतील हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीस ही हवा पाण्याला जास्तीत जास्त सव्वादहा मीटर उचलू शकते, हे टॉरिचेलीच्या काळापासून, म्हणजे १६४३पासून ठाऊक आहे. नगर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर असल्याने येथे ती मर्यादा साडेनऊच्या आसपास येते, आणि पंपाची गळती, नळीतील घर्षण वगैरे जमेस धरता व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात. पाणी त्याखाली गेले की वर बसविलेला पंप निरुपयोगी. तेव्हा शेतकऱ्यांनी केले ते एकच: इंजिनच विहिरीत उतरविले. विहिरीच्या आत खडकात टप्पा कोरून त्यावर इंजिन व पंप बसवायचा, धुराची नळी वर काढायची. ही नळी गळकी असली किंवा काढलीच नसली तर विहिरीत विषारी वायू साठे आणि इंजिन बंद करण्यास उतरलेला माणूस वर येत नसे. त्याला काढण्यास उतरलेला दुसराही येत नसे. अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर चार ओळींत संपत आल्या आहेत. डिझेल इंजिनाच्या इतिहासात त्यांना स्थान नाही. आमच्या मते मिळावयास हवे.

१९७२च्या दुष्काळाने हे सारे पालटले. बिहारच्या दुष्काळात १९६७ साली युनिसेफने हवेच्या घणावर चालणारी छिद्रणयंत्रे भारतात आणली होती. खडकाळ प्रदेशात बोअर घेण्याची ही पद्धत पुढे महाराष्ट्रातही पसरली. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ सालचीच. मिशनऱ्यांच्या बोअर खोदण्याच्या कामातून निघालेले जालना व सोलापूर या नावांचे हातपंप पुढे ‘इंडिया मार्क दोन’चे पूर्वज ठरले, ही मराठवाड्याची व सोलापूरची कामगिरीही येथे आठवावी. परंतु हातपंप पिण्याच्या पाण्यापुरता. शेतकऱ्याने बोअर घेतली तर सहा इंचांच्या त्या भोकात ना इंजिन उतरे, ना माणूस. पाण्यात बुडणारे विजेचे पंप महाग होते आणि विजेचा भरवसा नव्हता. दाराशी जुने इंजिन पडून, साठ मीटर खोल भोकात पाणी, आणि मध्ये काहीच नाही, अशी ही स्थिती होती.

या पोकळीत कॉम्प्रेसर आला. दाबलेल्या हवेने पाणी उचलण्याची युक्ती खाणीच्या कामात फार जुनी आहे. सॅक्सनीतील लोशर याने ती अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडली होती. बोअरमध्ये एक मोठी नळी सोडायची, तिच्यासोबत एक बारीक नळी तळापर्यंत न्यायची आणि बारीक नळीतून हवा सोडायची. हवेचे बुडबुडे मिसळलेले पाणी हलके होते आणि भोवतालचे निखळ, जड पाणी त्याला वर रेटते. आत फिरणारा एकही भाग नाही. वाळू आली, गाळ आला तरी बिघडण्यासारखे काही नाही. उदाहरणादाखल, साठ मीटरच्या बोअरमध्ये पाणी वीस मीटरांवर उभे असेल तर नळीचे टोक चाळीस मीटर पाण्यात राहते, म्हणून सुरुवातीस चौरस सेंटिमीटरला चार किलोंचा दाब लागतो. उपसा सुरू होऊन पाणी तीस मीटरांवर उतरले की तीन किलो पुरतो. निम्मी नळी पाण्यात आणि निम्मी वर, हे प्रमाण राखले तर काम चांगले चालते. शक्तीच्या हिशोबाने ही पद्धत उधळी आहे: इंजिनाने दिलेल्या शक्तीपैकी पाव-तिसरा हिस्साच पाणी उचलण्यास लागतो. शास्त्रशुद्ध अभियंता तिला नाक मुरडील. पण ज्याच्यापाशी इंजिन फुकट पडून आहे आणि पाणी मात्र दुसऱ्या कोणत्याही मार्गाने येत नाही, त्याला कार्यक्षमतेचे कोष्टक दाखविण्यात अर्थ नव्हता.

नवा कॉम्प्रेसर घेणे परवडत नसे. जुना मिळे. भिंगारच्या शेजारी लष्कराची छावणी एकोणिसाव्या शतकापासून आहे, १९२०नंतर येथे रणगाड्यांचे प्रशिक्षण सुरू झाले, स्वातंत्र्यानंतर १९४८ साली चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय आले. वाहनांच्या संशोधनाची लष्करी संस्थाही याच परिसरात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत निघालेल्या लष्करी मालास ‘डिस्पोजल’ म्हणण्याची चाल सर्वत्र पडली. नगर शहरात त्याच्याही आधीपासून हातकाम शिकविणारी परंपरा होती: अमेरिकन मराठी मिशनने १८९१ साली काढलेली सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळा, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी चर्चिल या मिशनऱ्याने येथे सिद्ध केलेला सुधारित हातमाग. अशा गावी लेथ चालविणारा, वेल्डिंग करणारा, पुली काढून देणारा माणूस शोधावा लागत नाही.

जोडणीचे काम दिसते तितके सोपे नाही, आणि येथेच आम्हांस वाचकांचा थोडा धीर मागावासा वाटतो. भंगारात सर्वांत सहज मिळणारा कॉम्प्रेसर म्हणजे ट्रकच्या ब्रेकचा. परंतु तो स्वतंत्र यंत्र नसतोच. त्याला तेल मिळते ट्रकच्या इंजिनातून, थंडावा मिळतो त्याच इंजिनाच्या पाण्यातून. ट्रकपासून तो तोडला की तो पोरका होतो. त्याला तेलाची वेगळी सोय आणि पाण्याची वेगळी टाकी लावून दिल्याखेरीज तो तासभरही टिकत नाही. शिवाय त्याची हवा थोडी. टायर भरणे, रंगाचा फवारा मारणे यास तो पुरतो, बोअरला नाही. बोअरसाठी गॅरेजमधला वा कारखान्यातला, दोन सिलिंडरांचा, स्वतःचे तेलाचे पात्र असलेला कॉम्प्रेसर शोधावा लागे. मग प्रश्न फेऱ्यांचा. कॉम्प्रेसरचे चाक सोळा इंचांचे असून त्याला मिनिटास आठशे फेरे हवे असतील, तर पंधराशे फेऱ्यांच्या इंजिनावर साडेआठ इंचांची पुली लागते. तेच इंजिन साडेसहाशे फेऱ्यांचे लिस्टर असेल तर जवळजवळ वीस इंचांची. हा हिशोब कागदावर न करता करणारी माणसे होती. पुली लहान पडली तर हवा कमी भरते, मोठी झाली तर कॉम्प्रेसर तापतो आणि त्याच्या झडपांवर तेलाची काजळी धरते. ही काजळी पेटून नळी फुटण्याचा धोका असतो. टाकी जुनी असेल तर आतून गंजलेली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. म्हणून शहाणा कारागीर ती आधी पाण्याने काठोकाठ भरून, कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन पाहतो. पाणी दबत नाही, त्यामुळे टाकी फुटलीच तर नुसती भेग पडते. हवा भरून पाहिली असती तर तिच्या ठिकऱ्या उडाल्या असत्या. घाईचा कारागीर हे करीत नाही. सुरक्षा झडप बांधून टाकणारेही आम्हांस ठाऊक आहेत.

इंजिन हँडल मारून चालू करावयाचे असल्याने आणखी एक अडचण येते. टाकीत दाब असताना कॉम्प्रेसर फिरवणे जड जाते, आणि इंजिनाची स्वतःची दाबलेली हवा तर फिरूच देत नाही. म्हणून इंजिनाची डिकॉम्प्रेशनची कळ वर करावयाची, टाकीचा नळ उघडा ठेवावयाचा, हँडल मारून चाकाला वेग द्यावयाचा, मग प्रथम कळ पाडावयाची आणि इंजिन धरले की नळ हळूहळू बंद करावयाचा. नळ एकदम बंद केला तर इंजिन ‘बसते’.

गंमत अशी की, हीच जोडणी भिंगारच्या कुंपणापलीकडे लष्करी शिस्तीने होऊन गेली आहे. १९६०नंतर भारतीय सैन्यात जे सोव्हिएट टी-५४ व टी-५५ रणगाडे आले, त्यांचे बारा सिलिंडरांचे डिझेल इंजिन मुळात १९४०च्या सुमारास टी-३४ रणगाड्यात बसविलेल्या इंजिनाच्याच वंशातले. ते दाबलेल्या हवेनेही चालू करता येई. त्यासाठी रणगाड्यात हवेच्या बाटल्या असत, पण त्या रिकाम्या झाल्या की बाहेरून भराव्या लागत. १९५८च्या टी-५५मध्ये रशियन अभियंत्यांनी इंजिनावर चालणारा लहानसा कॉम्प्रेसर बसविला आणि बाटल्या रणगाड्यातच भरू लागल्या. जुन्या इंजिनाला कॉम्प्रेसर जोडण्याचेच हे काम, पण त्याला एके-१५० असा क्रमांक मिळाला, आराखडा मिळाला, पुस्तिका मिळाली. भिंगारजवळच्या रणगाडा संग्रहालयात, जे १९९४ साली सुरू झाले, देशोदेशीचे रणगाडे ओळीने मांडून ठेवलेले आहेत आणि प्रत्येकाची माहिती पाटीवर आहे. पलीकडच्या शिवारातील जोडणीला पाटी नाही. आम्ही सैन्याशी तक्रार करीत नाही. ज्याची नोंद होते त्याचाच इतिहास होतो, हे तत्त्व इतके जवळजवळ, एका रस्त्याच्या अंतरावर, क्वचितच पाहावयास मिळते.

नोंद न होण्याचे एक कारण भाषेत आहे असे आम्हांस वाटते. परिभाषाकोशांनी कॉम्प्रेसरला ‘संपीडक’ म्हटले. शब्द वाईट नाही. पीडणे यातला दाब त्यात आहे. पण ज्या माणसास हे यंत्र ठाऊक होते त्याने तो शब्द कधी उच्चारला नाही, आणि ज्यांनी तो शब्द घडविला त्यांना हे यंत्र भंगारातून उचलून आणण्याचा प्रसंग आला नाही. कारागिराची स्वतःची भाषा समृद्ध होती: इंजिन धरते, बसते, ओढते, खाते, हवा कोंडते, पाणी तुटते, पट्टा घसरतो, मार खातो. ही क्रियापदे मराठीच आहेत आणि नेमकी आहेत. एखादे इंजिन ‘तेल खाते’ आणि दुसरे ‘ओढत नाही’ यांतला फरक ज्याला कळतो त्याला यंत्राचे निदान कळते. आपल्या तांत्रिक लेखनाने नामे संस्कृतातून घेतली आणि ही क्रियापदे ग्राम्य म्हणून बाहेर ठेवली. परिणामी पुस्तकातील इंजिन कधी बसत नाही, ते ‘कार्य करण्याचे थांबते’.

विजेचे खांब पोचले तशी ही इंजिने पडवीत गेली. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाने पुढच्या दोन-तीन दशकांत खेडोपाडी वीज नेली. मोटारी आल्या, आणि इंजिनावर पोती रचली गेली. पण २००५ ते २००८च्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तासांचे भारनियमन सुरू झाले तेव्हा पोती उतरली. ज्यांच्याकडे कॉम्प्रेसरची जोडणी होती त्यांचे पीक त्या उन्हाळ्यांत तगले. हे उपकाराचे काम होते, यात शंका नाही. तरी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कॉम्प्रेसर बोअरमधले शेवटचे पाणी काढतो. मोटार ज्या बोअरला ‘आटली’ म्हणून सोडते तिच्यातूनही तो थुंकीथुंकीने उपसत राहतो. खालचा थर पुन्हा भरण्यास उसंत मिळत नाही. नगर तालुक्यातीलच हिवरे बाजारने १९९०नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने जे नियम केले त्यांत शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही हा एक होता. भिंगारहून काही कोसांवर एका गावाने ठरविले की अमुक खोलीखालचे पाणी आपले नाही. आणि त्याच तालुक्यात दुसरीकडे एकेक जोडणी आणखी खाली, आणखी खाली जात होती. या दोहोंत कोण शहाणे हे आज सांगणे सोपे आहे. त्या वेळी, उभा ऊस किंवा डाळिंबाची बाग वाळत असताना, ते तितके सोपे नव्हते. आणि ज्याने विहिरीत उतरविलेल्या इंजिनापायी घरातला माणूस गमावला होता त्याला वर, उघड्या हवेत चालणारा कॉम्प्रेसर हा सुटकेसारखाच वाटला असणार.

आता बुडीत पंप स्वस्त झाले, सौरपंप आले. कॉम्प्रेसरवरचे उपसे पुष्कळ कमी झाले आहेत, इंजिने वजनावर विकली जातात. लोखंडाचा भाव किलोला, तांब्याचा वेगळा. जोडणीचा भाव शून्य, कारण पट्टा काढला की ती संपते. वस्तुसंग्रहालयात इंजिन ठेवता येईल, कॉम्प्रेसर ठेवता येईल. त्या दोहोंमधला हिशोब, कोणत्या चाकाला कोणती पुली, नळ किती उघडा, हा ज्यांच्या हातात होता त्यांचे वय आता साठीसत्तरीच्या पुढे आहे. मौखिक इतिहासाचे प्रकल्प घेणाऱ्या मराठी विभागांनी लोकगीतांसोबत हेही टिपून घ्यावे, अशी आमची सूचना आहे. प्रश्नावली करताना मात्र ‘संपीडक’ हा शब्द टाळावा.

ज्यांनी ही जोडणी चालू होताना पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढे सांगून थांबतो. इंजिन धरते, नळ बंद होतो, काटा चढू लागतो. एक, दोन, तीन. बोअरच्या नळीतून प्रथम काहीच येत नाही. मग नुसती गार हवा येते, तिला दगडाचा वास असतो. काटा चारापाशी थांबतो, थोडा थरथरतो आणि एकदम खाली येतो. त्याच क्षणी नळी खोकल्यासारखा आवाज करून पहिला लोंढा फेकते, तांबूस, गाळाचा. पुन्हा हवा. पुन्हा लोंढा. कारागीर पाण्याकडे पाहत नाही, तो इंजिनाचा आवाज ऐकत असतो. पाच-सात मिनिटांनी पाणी निवळते, पण सलग असे ते कधीच होत नाही.